कागद सरळ जाईपर्यंत

श्रीरामपूर

प्रिय मनवा,

उभी नोकरी टेलिफोन खात्यात केलेली तुझी आई फोन शेजारी ठेवून पत्र लिहिते आहे, याचं तुला हसू येईल. खुशाल हस. पण आपल्या घरात फोनवर खासगी बोलायची सोय नाही, हे तुलाही माहीत आहे. फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि टेबलाच्या मधोमध ठेवतात. माझ्या मोबाईलवर तुझा निरोप आला तरी तेच आधी वाचतात आणि मग मला वाचून दाखवतात, वर स्वतःची भर घालून. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. जेवताना वाचू नकोस. सांडतेस.

आधी प्रदर्शनाची बातमी. पुणतांब्याच्या वाचनालयाचा हॉल नक्की झाला आहे. दत्तजयंतीच्या पौर्णिमेला घाटावर दिवे लावायला गाव येतं, त्या दिवशी सकाळी उघडायचं ठरलं आहे. वाचनालयाच्या मंडळींना बाबांचे नदीवरचे जुने फोटो हवे होते. तू लहान असताना दर रविवारी साखर कारखान्याची सुट्टी पकडून ते मोटरसायकलवरून पुणतांब्याला पळायचे आणि मी रागावून तुला घेऊन कोपरगावला माझ्या माहेरी जायचे, ते हे फोटो. वाळूतल्या कलिंगडाच्या वाड्या, धुणं धुणाऱ्या बायका, जाळी वाळवणारी माणसं, आणि भिमाजी नावाडी. त्या वेळी मला वाटायचं, हा माणूस फिल्मवर पैसे उधळतो. आता ते फोटो बघते तेव्हा गप्प बसते. एवढंच कबूल करते, जास्त नाही.

बाबांची अट एकच होती. मोठे प्रिंट घरीच करायचे, स्वतःच्या हातांनी. त्यांच्या निवृत्तीला तू पाठवलेलं फोटो छापायचं मशीन आहे, सतरा इंच रुंद कागद घेतं, मग बाहेर कशाला जायचं? खरं कारण वेगळं आहे. त्या काळी फिल्म शहरात धुवायला जायची आणि तिथला कुणीतरी शहाणा सगळ्यांचे चेहरे उजळ करून पाठवायचा. भिमाजीचा फोटो आला तो असा गोरापान, की बाबांनी तो त्याला नेऊन दिला तेव्हा त्याने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यो कोन हाय?" बाबांना ते फार लागलं. तीस वर्षं झाली, अजून सांगतात. म्हणून त्यांना भिमाजीला त्याचा खरा चेहरा भिंतीवर दाखवायचा होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातून उतरलेला चालणार नव्हता. भिमाजी आता ऐंशीच्या पुढे आहे. घाई होती ती यासाठी.

आणि मशीन कागदच घेईना.

हा कागद आपल्या नेहमीच्या कागदासारखा नाही. सुती, लग्नपत्रिकेसारखा जाड. खालच्या ट्रेमधून तो जात नाही. मशीनच्या मागे एक फट आहे, तिथे एकेक कागद हातांनी लावायचा आणि मशीन त्याला आत ओढेपर्यंत सरळ धरून ठेवायचा. ओढायच्या आधी ते थांबतं, अंदाज घेतं. कागद जरा जरी कलला असेल तर तो बाहेर ढकलतं आणि पडद्यावर लिहितं, कागद तिरका आहे, पुन्हा लावा. दिवाळी झाल्यावर बाबा रोज सकाळी दार लावून आत बसायचे. बाहेर मला घर्र ऐकू यायचं, मग शांतता, मग पुन्हा घर्र, मग बाबांचं "च्च". बाहेर आले की चेहरा असा की मी काही विचारू नये. मी दोन-तीन दिवस विचारलं नाही. मला एवढंच जमतं, त्याहून जास्त नाही.

मग एकदा केर काढताना पलंगाखाली वाया गेलेले कागद सापडले. कोपरे दुमडलेले, एकावर नदी अर्धी उतरलेली आणि तीही कललेली, जणू पाणी डोंगरावर चढतंय. एवढा महाग कागद, आणि तो पलंगाखाली लपवलेला, लहान मुलाने नापास झालेला पेपर लपवावा तसा. मी काही बोलायच्या आत त्याच रात्री जेवताना ते म्हणाले की मोठे प्रिंट शहरातूनच करून आणू, उगाच त्रास कशाला. मनू, हे वाक्य तुझ्या बाबांचं नव्हतं. भिमाजीला पुन्हा गोरा करून आणायला ते तयार झाले होते.

मी सांगितलं, उद्यापासून मशीन माझ्या ताब्यात आणि दार उघडं. कुरकुरले. पण खात्यात मी दोष शोधण्याच्याच कामावर होते, हे त्यांना मान्य करावं लागलं. दोष शोधायचा नियम साधा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिला संशय कागदावर. थंडीच्या कोरड्या हवेत कडा पापडासारख्या वर आल्या होत्या. बाबा म्हणाले, त्यावर उपाय करून झाला, मी तो गादीखाली ठेवून वर झोपलो होतो. म्हणजे आता कागद वाकलेला तर होताच, वर त्याच्यावर बाबांची कंबरही उमटली होती. मी गौहरला फोन केला. तिच्या घरचं कापडाचं दुकान, तिथे ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या ढिगाने पडलेल्या असतात. गौहर मावशी तुला माहीत आहे, नळी मागितली तर नळी पाठवणार नाही, स्वतः येणार. खांद्यावर नळी टाकून आली आणि दारातूनच म्हणाली, "नीले, आता सुमंतभाऊंना बडवायची वेळ आली का?" आम्ही कागद उलट्या बाजूने त्या नळीवर सैल गुंडाळला, जरा वेळ ठेवला आणि सोडला. सपाट. लावून बघितला. मशीन म्हणालं, तिरका आहे.

मग कडेच्या सरकत्या पट्ट्या बघितल्या. बाबांनी त्या कागदाला इतक्या घट्ट लावल्या होत्या की तो बिचारा मधे फुगत होता. थोड्या सैल केल्या, कागद नुसता टेकेल एवढ्या. पुन्हा तिरका. मग आतले रबरी रूळ. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की वाळत घातलेल्या चादरीवर काळे कण पडतात ना, तेच रुळांवर बसले होते, त्यात कागदाची भुकटी. रूळ गुळगुळीत झाला की पकड सुटते. बाबांच्या जुन्या मलमलच्या सदऱ्याचा तुकडा ओला करून घट्ट पिळला आणि रूळ फिरवत पुसले. फडकं काळं झालं. गौहर म्हणाली, यापेक्षा माझा तवा स्वच्छ असतो. पुन्हा कागद लावला. आता उजवी बाजू झोकात आत जायची आणि डावा कोपरा अडायचा. दर वेळी डावाच. मला आनंद झाला. दोष एकाच जागी यायला लागला की तो सापडलाच म्हणून समज.

मशीन भिंतीपासून ओढून फिरवलं. गौहरने बॅटरी धरली, मी चष्म्यावर भिंग धरलं आणि फटीत डोकावले. डाव्या कोपऱ्यात, पट्टीच्या अगदी बुडाशी, एक तांदूळ. हळदीकुंकवाने माखलेला.

तुला दसऱ्याचं आठवत असेलच. त्या दिवशी लोक अवजारं पुजतात, बाबा कॅमेरे पुजतात. जुना रशियन कॅमेरा, लाईट मीटर, ट्रायपॉड, सगळं पाटावर, फुलं, आपट्याची पानं, आणि मशीन आल्यापासून मशीनही. मी भुवयांच्या चिमट्याने तो तांदूळ काढला. मग दुसरा दिसला. मग मशीन तिरपं करून हलवलं तर फटीतून अक्षता पडतच राहिल्या, फरशीवर चांगली मूठभर. गौहर खाली बसून हसली. म्हणाली, "सुमंतभाऊ, मशीन तुमच्याच घरचं शोभतं. अक्षता पडल्याशिवाय मान पुढं करत नाही." बाबाही हसले. मी हसले नाही. देवावर अक्षता वाहायच्या त्या चिमटीने, मुठीने नाही, आणि तुझे बाबा असल्या बाबतीत किती नेटके. मला आठवलं, या दसऱ्याला मी श्रीखंडाच्या नादात स्वयंपाकघरात होते, पूजा त्यांनी एकट्यानेच केली, आणि नंतर केर काढताना ताम्हनापेक्षा जमिनीवर जास्त अक्षता बघून मी नेहमीप्रमाणे बोलले होते. ते नेहमीप्रमाणे उलटून बोलले नव्हते.

असो. साधा कागद घेऊन मी लावून बघितला. मशीनने थांबून अंदाज घेतला आणि तो असा सरळ आत ओढला की गौहरने टाळी वाजवली. पुन्हा लावला, पुन्हा सरळ. मी बाबांना म्हटलं, या, तुमचं मशीन तुमच्या हवाली. त्यांनी कागद घेतला, लावला. तिरका. पुन्हा लावला. तिरका. खोलीत आवाज फक्त कागदाचा येत होता, वाऱ्यावर पताका वाजते तसा, आणि पंखा तर बंद होता. गौहर माझ्याआधी समजली. तिला एकदम आठवलं की तिने घरी गॅसवर दूध ठेवलंय. सकाळपासून ती आमच्याकडे होती, मनू. कसलं दूध?

ती गेल्यावर बाबांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "नीला, दोष मशीनमधे नाही."

टेलिफोनच्या कामात हा सगळ्यात फसवा प्रकार. एका दोषाच्या आड दुसरा दोष. पहिला निघाला की माणूस हत्यारं आवरून घरी जातो. मी तशी कधी गेले नव्हते आणि घरातलं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग एकेक गोष्ट जुळत गेली. पावसाळ्यापासून बाबांना चहा कपाऐवजी पेल्यात लागतो, तोही अर्धा, का तर वजन कमी करायचंय. दाढी वाढवली, म्हणे आता कलावंत दिसायला हवं, आणि तू व्हिडिओवर तिचं कौतुकही केलंस. ती वस्तरा हातात नको म्हणून वाढवलेली होती. उजवा हात. कुणाला सांगितलं नाही, मला नाही, तुला नाही. कागद सरळ राहत नव्हता म्हणून त्यांनी प्रिंट बाहेर द्यायचे ठरवले होते, पण हात थरथरतो हे सांगायचं ठरवलं नव्हतं.

मी रागावले. पुष्कळ रागावले. मग चहा केला, दोघांनाही पेल्यात, अर्धा अर्धा. दुसऱ्या दिवशी बसने नगरला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. घाबरायचं नाही, सावकाश चालणारं दुखणं आहे, गोळ्या आहेत, चालणं-फिरणं आणि हाताचं काम सोडायचं नाही. बाबांनी लगेच विचारलं, प्रिंट करणं हाताच्या कामात येतं का? डॉक्टर हो म्हणाले. परतीच्या बसमधे त्यांनी राहुरीला उतरून माझ्यासाठी पेरू घेतले आणि तिखटमीठ लावून आणले. वाटेत निम्मं तिखटमीठ सांडलं. मी म्हटलं, असू दे, मला कमीच लागतं. तेव्हापासून घरात पुन्हा हसू यायला लागलं आहे. गोळीने फरकही आहे. सकाळी, नाश्त्यानंतर, हात बराच निवांत असतो.

पण बराच म्हणजे मशीनला पटेल एवढा नाही. मी म्हटलं, मी कागद लावते, तुम्ही बाकीचं करा. रंग तुमचे, डोळा तुमचा. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी ते पुन्हा म्हटलं नाही. मशीन माणसाच्या हाताकडे बघत नाही, फक्त कागदाकडे बघतं. तेव्हा हात सरळ करायच्या मागे न लागता कागद सरळ ठेवायची सोय करायची. पूजेचा तो मोठा पाट आणला, ज्यावर तुझं बारसं झालं तोच. मशीनच्या मागे पुस्तकांच्या चळतीवर तो तिरका टेकवला, असा की त्याचा उतार थेट फटीत जावा. डाव्या कडेला तुझी शाळेतली लाकडी फूटपट्टी दोन बारीक खिळ्यांनी ठोकली. आता कागद हातात धरायचाच नाही. पाटावर ठेवायचा, पट्टीला टेकवायचा आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून हळूहळू खाली सरकवायचा. बाबांनी ठेवला. सरकवला. मशीन थांबलं. मग घर्र, आणि कागद सरळ आत गेला. धुणं धुणाऱ्या बायका वरपासून खालपर्यंत नीट उतरल्या, नदी आडवीच्या आडवी. बाबा त्या प्रिंटकडे बघत नव्हते. पाटाकडे बघत होते. म्हणाले, खात्याने तुला बढती द्यायला हवी होती. मी म्हटलं, दिली होती, तुम्हीच विसरलात.

त्यानंतर रोज सकाळी एकेक प्रिंट होत गेला. कधी दुसऱ्या खेपेला कागद गेला, कधी तिसऱ्या. गौहर रोज हजेरी लावते आणि पाटाला नमस्कार करून आत येते. तिच्या दुधाचं मी तिला एकदाच विचारलं. म्हणाली, उतू गेलं. मधे भिमाजी बाजाराला आला होता, त्याला छोटा नमुना दाखवला. त्याने तो उन्हात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "आता मीच हाय. पन नाक येवढं हुतं व्हय?" बाबांनी सांगितलं, नाकाला मी हात लावलेला नाही. तो म्हणाला, तसं आसंल तर असू द्या. सगळे प्रिंट झाले, एकच राहिला आहे. भिमाजीचा, सगळ्यात मोठा. कागद आहे, मशीन ठीक आहे, वेळही आहे, तरी बाबा तो करत नाहीत. विचारलं की विषय बदलतात.

का करत नाहीत ते मला काल पहाटे कळलं. आतल्या खोलीतून आवाज आला म्हणून बघितलं तर बाबा जुन्या कॅलेंडरची पानं पाटावर ठेवून सरकवत होते. एक झालं की दुसरं, आणि दर वेळी स्वतःशीच, "मनू बघते आहे." मशीन बंदच होतं. प्रदर्शनासाठी तू आल्यावर भिमाजी तुझ्यासमोर छापायचा आहे त्यांना, एकाच खेपेत, आणि त्याची तालीम चालली आहे. मी न बघितल्यासारखी मागे फिरले. प्रदर्शन होईपर्यंत मनूला फोनवर काही सांगणार नाहीस, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला आहे. तो मी पाळला. हे फोनवर नाही. आणि तुला घाबरवायला किंवा दोन दिवस आधी बोलवायलाही हे लिहिलेलं नाही, ठरलं आहे तेव्हाच ये. लिहिलं ते एवढ्यासाठी, की तू माझी मुलगी आहेस आणि दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घ्यायची आपली खोड मला माहीत आहे. बाबा कागद उचलतील तेव्हा तो वाजेल. तुझा हात पुढे येईल. तो मागे घे आणि पदराला, नाहीतर तुमच्या त्या ओढणीला, धरून ठेव. चेहरा करू नकोस. कागद तिरका गेला तर मशीन तो परत देईल, ते रागावत नाही आणि कीवही करत नाही, नुसतं पुन्हा लावा म्हणतं. बाबा पुन्हा लावतील. किती वेळ लागेल ते लागू दे, मनू. मशीन थांबतं. तूही थांब.

तुझीच,
पाटाच्या डाव्या बाजूला, हात मागे बांधून उभी असलेली,
आई